यानरावांच्या घरची बातमी

तानबाईंनी यानरावांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते यांगत्सेच्या बांधावर. पाहिलं म्हणण्यापेक्षा आधी ऐकलं. मार्च संपत आला होता, नदीवर धुकं होतं, आणि बाई रोजच्यासारख्या फिरून परत निघाल्या होत्या. कठड्यापाशी एक टक्कल पडलेला माणूस कारखान्याचा जुना निळा कोट घालून, नदीकडे तोंड करून उभा होता आणि खणखणीत आवाजात इंग्रजीतून सांगत होता, "पटकीच्या साथीतील मृतांचा आकडा एकवीसवर गेला असून, नागरिकांनी घाबरून जाऊ नये, असे आवाहन आरोग्य खात्याने केले आहे."

नदीतून कोळशाची एक बोट चालली होती. तिने या आवाहनाची दखल घेतली नाही.

बाई थबकल्या. सगळी नोकरी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलेली, त्यामुळे उच्चार ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. पण वाक्य बिनचूक होतं. बिनचूक असणारच, कारण ते त्यांच्याच वर्गातल्या तिसऱ्या पाठातलं होतं. मग त्यांना माणसाची ओळख पटली. हा आपल्या बुधवारच्या वर्गात मागच्या बाकावर, हीटरजवळ बसतो, आणि थर्मासचं झाकण उघडण्याखेरीज कसला आवाज करत नाही.

"यानराव," त्या म्हणाल्या, "कोण गेलं?"

"कोणी नाही, बाई. पाठ करतोय."

"मग नदीला कशाला सांगताय?"

"घरात म्हटलं की शेजारीण भिंतीवर लाटणं आपटते."

बाईंना त्या शेजारणीबद्दल एकदम आपुलकी वाटली.

हा वर्ग म्हणजे झेनजियांगच्या जुन्या भागातल्या वस्ती-कार्यालयाने निवृत्त लोकांसाठी काढलेला. कित्येकांची मुलं परदेशी. नातवंडं सांभाळायला आजी-आजोबा जातात आणि तिकडच्या औषधाच्या दुकानात नुसते हातवारे करत उभे राहतात. तेव्हा आरोग्यापुरतं इंग्रजी शिकवावं, ही कल्पना चांगली होती. बाईंनी 'माझं पोट दुखतं' पासून सुरुवात करायची ठरवली होती. पण कार्यालयाच्या चिटणीस म्हणाल्या, "पोट दुखतं हे शिकायला कोण येणार, बाई? बातम्या घ्या. शब्द कळतील, जगाची माहितीही होईल." आणि त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या आरोग्याच्या बातम्या, खाली चिनी अर्थ देऊन, छापूनही आणल्या. त्यामुळे बाईंच्या वर्गातल्या म्हाताऱ्यांना साथ, लसीकरण, अन्नातून विषबाधा हे सगळं यायला लागलं, आणि कोणालाही खोकल्याची बाटली मागता येईना.

यात सर्वांत पुढे गेले ते यानराव. यान गेनफू यांचा जन्म व्हिनेगरच्या कारखान्यात गेला होता. तांदळाचं आंबवण फावड्याने उलथायचं, पुन्हा उलथायचं, वास हाडांत मुरेपर्यंत उलथायचं. तिथे सुरक्षेचे नियम रांगेत उभं राहून पाठ म्हणावे लागत. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून त्यांच्या मनाची पक्की समजूत होती की वाक्य हे जसंच्या तसं म्हणण्यासाठी असतं. त्यात ढवळाढवळ करणं म्हणजे यंत्रात बोट घालणं.

"यानराव, उभे राहा," बाई एका बुधवारी म्हणाल्या. "तुमच्या नातवाला ताप आलाय. मी डॉक्टर. सांगा मला."

यानराव उठले, हात कोटाच्या शिवणीला चिकटवले आणि इंग्रजीत म्हणाले, "आरोग्य अधिकाऱ्यांनी दिलेल्या माहितीनुसार, जिल्ह्यातील चाळीस बालकांमध्ये तापाची लक्षणे आढळून आली आहेत."

"चाळीस नाही. एक."

"पाठात चाळीस आहेत, बाई."

"तुम्हाला नातू किती?"

"एकच."

"मग?"

यानराव खरोखर अडचणीत पडले. "छापलेलं वाक्य मी कसं बदलू? लिहिणारा शिकलेला माणूस. मी बदललं आणि चुकलं, तर डॉक्टर भलतंच औषध देईल."

"बाई, घाई करू नका," पुढच्या बाकावरून वेईबाई म्हणाल्या. वेईबाई त्याच कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावायच्या आणि यानरावांना ओळखून होत्या. "त्याला चाळीस नातू होईपर्यंत थांबू आपण."

वर्ग हसला. यानरावही हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला, चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "बरं. पोराला श्वास घेता येत नाहीये. पहिलं काय कराल?"

"गरम पाणी देईन," यानराव म्हणाले. हे मात्र त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं.

त्याच आठवड्यात ते बाईंच्या दारात उभे राहिले. हातात दोन बाटल्या काळं व्हिनेगर, सहा वर्षं मुरलेलं, लाल दोरीने बांधलेलं. बाईंनी ओळखलं, माणूस काहीतरी मोठं मागायला आलाय.

मागणं असं होतं. यानरावांची मुलगी लीवेन इंग्लंडमध्ये, लीड्स गावात. नवरा तिथलाच, नील नावाचा. त्यांचा मुलगा चार वर्षांचा. इंग्रजी नाव थॉमस, पण यानराव त्याला दोदो म्हणत. दोदोला दमा. लीवेनला सप्टेंबरपासून पुन्हा कामावर जायचं होतं, आणि बाबा सहा महिने येऊन राहिले तर पोराला परक्याकडे ठेवायला नको, असं तिच्या मनात होतं. आड येत होत्या नीलच्या आई, मॉरीन. आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होत्या. त्यांचं म्हणणं एकच: पोराबरोबर घरात जो एकटा असेल, त्याला फोनवरून मदत बोलावता आली पाहिजे. तेवढं येत असेल, तर माझी हरकत नाही. नसेल येत, तर नाही.

"विहीणबाई स्वतः परीक्षा घेणार आहेत," यानराव म्हणाले. "पडद्यावरून. महिनाअखेरीला."

"रास्त आहे त्यांचं."

"रास्त आहे हो. तेच तर वाईट." त्यांनी गुडघ्यांवर हात घासले. "बाई, मी त्याला मांडीवर एकदाच घेतलाय. आणि तेव्हा तो सबंध वेळ झोपलेला होता."

तानबाईंनी बाटल्या ठेवून घेतल्या.

शिकवणी यानरावांच्या स्वयंपाकघरात सुरू झाली, कारण फोन तिथे येणार होता आणि त्यांना तिथेच बोलायची सवय व्हावी, असं बाईंचं मत होतं. घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाई वर पोचेपर्यंत निम्म्या दमलेल्या असत. उरलेल्या निम्म्या शिकवणीत संपत.

"म्हणा, माझ्या नातवाला दम लागलाय."

"श्वसनविकाराच्या रुग्णांत लक्षणीय वाढ झाली आहे."

"यानराव, फोन घेणाऱ्या बाईला वाढ ऐकून काय करायचंय? तिला पत्ता हवाय. पत्ता सांगा."

"पत्ता बातमीत नाही."

"तुमच्या मुलीचा पत्ता."

"तो मला चिनीत येतो."

बाईंनी आवाज चढवला नाही. तो शाळेतही त्यांनी कधी चढवला नव्हता. त्या फक्त खुर्ची थोडी मागे सरकवत, आणि हुशार मुलांना त्याची जास्त भीती वाटे. यानरावांना काहीच वाटलं नाही. ते उठले आणि त्यांनी बाईंना गरम पाणी आणून दिलं.

पंधरवडा असा गेला. छोटी, सुटसुटीत वाक्यं यानरावांच्या तोंडात टिकत नसत. आज आलेलं 'लवकर या' उद्या वाफ होऊन जाई. लांबलचक बातमी मात्र एका रात्रीत पाठ. बाई घरी जाऊन नवऱ्याला म्हणत, "त्याला सबंध महापूर सांगता येतो, आणि नळ गळतोय हे सांगता येत नाही." नवरा म्हणे, "मग सोड ना." बाई म्हणत, "सोडते," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मजले चढत.

शेवटी एके दुपारी त्या इतक्या वैतागल्या की त्यांनी छापील पाठ उचलून फ्रिजवर ठेवून दिले. "ठीक आहे. बातमीच सांगा. पण वार्ताहर तुम्ही. आजची बातमी लीड्समध्ये, तुमच्या मुलीच्या स्वयंपाकघरात घडली आहे. कोणाला काय झालं, कधी झालं, कुठे झालं. छापलेली नाही अजून. तुम्ही दिलीत तरच छापून येणार."

यानराव उठले. मग कोटाची बटणं लावली. ताठ झाले.

"लीड्स शहरात," ते इंग्रजीत सावकाश म्हणाले, "एका चार वर्षीय बालकाला श्वास घेण्यास त्रास होत आहे. ही घटना दहा मिनिटांपूर्वी घडली. बालकास फवाऱ्याचे औषध देण्यात आले, मात्र त्याचा उपयोग झाला नाही. घटनास्थळी केवळ आजोबा उपस्थित आहेत. कुटुंबाने तातडीने रुग्णवाहिकेची मागणी केली आहे." आणि पुढे लीवेनचा पत्ता, घर क्रमांकासकट.

बाईंना यात सुधारायला पुष्कळ होतं. त्यांनी काही सुधारलं नाही. गरम पाणी प्यायल्या.

त्या दिवशी यानराव त्यांना पोचवायला खाली निघाले. परत चढताना तिसऱ्या मजल्यावर ते थांबले, कठड्याला टेकले आणि खिशातून इवलीशी गोळी काढून जिभेखाली ठेवली. बाईंनी खालून पाहिलं. त्यात नवं काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी यानरावांच्या हृदयात नळी बसवली, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. निम्मी गल्ली अंड्यांच्या टोपल्या आणि दुधाची खोकी घेऊन इस्पितळात जाऊन आली होती. ठाऊक नव्हतं ते फक्त लीवेनला. दूर असलेल्या पोरांना चांगलं तेवढं कळवायचं, ही तिथली रीतच. वाईट कळवून काय उपयोग, ती येऊ तर शकत नाहीत, नुसती रडतात. लीवेनला कळवलं होतं की बाबा कारखान्यातल्या लोकांबरोबर डोंगर बघायला गेलेत, तिथे फोन लागत नाही. वेईबाईंनी तर स्वतःच्या जुन्या सहलीतला डोंगराचा एक फोटोही पाठवून दिला होता. कोणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. तानबाईंनाही नाही.

परीक्षेच्या दिवशी यानरावांनी दाढी केली, कोटाला इस्त्री केली. फोन व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून उभा केला. तानबाई फ्रिजच्या आडोशाला बसल्या, पडद्यावर दिसणार नाहीत अशा. परीक्षा चालू असताना बाईंनी जन्मात कोणाला शब्द सुचवला नव्हता, आणि तसं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

विहीणबाई ठसठशीत बांध्याच्या, पांढऱ्या आखूड केसांच्या होत्या. मागे लीवेन उभी. त्यांनी नमस्कार-चमत्कार आटोपले आणि लगेच आवाज बदलून, फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यासारखं विचारलं, काय झालंय.

यानरावांनी बातमी दिली. पहिल्या वाक्याला विहीणबाईंच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या वाक्याला त्यांनी ओठ दाबून धरले. पण त्या पुढे विचारत गेल्या: ओठ निळे पडलेत का, बोलतोय का, औषध किती वेळा दिलं. आणि यानराव, वार्ताहर परिषदेत बसल्यासारखे, एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेले. "बालकाच्या ओठांचा रंग निळसर असल्याचे आजोबांनी सांगितले." पत्ता बिनचूक आला. लीवेनने तोंडावर हात धरला होता. ती हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं.

"इतक्या वर्षांत असा फोन कोणी केला नव्हता," विहीणबाई म्हणाल्या. "पण लागतं ते सगळं आहे यात. आता शेवटचं. तुम्ही पोराजवळ एकटे असणार. तुमची स्वतःची तब्येत? काही दुखणं, चालू औषधं?"

फ्रिजच्या आड बाईंनी मांडीवरचे हात घट्ट धरले.

यानराव क्षणभरही अडखळले नाहीत. "सुदैवाने, या घटनेत कोणतीही जीवितहानी झालेली नाही."

तिकडे सगळे हसले. विहीणबाई सगळ्यांत मोठ्याने. मग लीवेन पुढे आली आणि चिनीत म्हणाली, "बाबा, तिकीट काढते."

फोन बंद झाल्यावर यानराव गॅसकडे वळले. "बसा, बाई. शेवया टाकतो. आज तुम्ही जेवूनच जायचं."

"नको."

"का? पास झालो ना मी?"

"इंग्रजीत झालात." बाईंनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "यानराव, तिथे स्वयंपाकघरात पडलात तर फोन कोण करणार?"

"मी नाही पडत."

"इथे तिसऱ्या मजल्यावर थांबता ते काय देखावा बघायला?"

"बाई, गोळी घेतली की बरं वाटतं. आणि आता सांगितलं तर ती मला बोलवेल का? तुम्हीच सांगा."

"मी विचारतेय त्याचं उत्तर द्या. फोन कोण करणार?"

यानरावांनी पातेल्यात पाणी ओतलं. 

"दोदो करणार," बाई म्हणाल्या. "चार वर्षांचा. आजोबा जमिनीवर पडलेले बघून त्याचाच श्वास अडकायचा. तरी त्याने फोन केला असं धरू. पलीकडून विचारतील, आजोबांना काय होतं. तो काय सांगेल? त्या घरात कोणालाच माहीत नसेल. गल्लीतल्या अंडी विकणाऱ्याला माहीत आहे, त्यांना नाही."

"तुम्ही पण इतके दिवस कधी काही बोलला नाहीत."

"नाही बोलले. तेव्हा तुमच्या भरवशावर कोणाचं पोर नव्हतं."

पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं. यानरावांनी सवयीने त्यातलं थोडं पेल्यात काढून बाईंपुढे ठेवलं. बाई ते प्यायल्या नाहीत. पाच मजले उतरून त्या घरी गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सुटले एकदाची." त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, याचाही त्यांना राग आला.

बुधवारी यानराव वर्गात आले नाहीत. वेईबाई म्हणाल्या, "बॅग भरत असेल. सॉसेज घेऊन निघालाय, मी सांगितलं तिकडे विमानतळावर काढून घेतात, तर म्हणतो कोटात घालीन." बाईंनी विषबाधेचा पाठ घेतला.

आणखी दोन दिवसांनी, सकाळी, बांधावर तोच आवाज ऐकू आला. पण वाक्य पाठातलं नव्हतं. ते तुटत होतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं.

"झेनजियांग शहरातील एका अडुसष्ट वर्षीय नागरिकाच्या... अडुसष्ट वर्षीय माजी कामगाराच्या हृदयावर..."

बाई कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. यानरावांनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "बाई, आपणच एखादी गोष्ट सांगितली नाही, तर त्याला काय म्हणायचं? बातम्यांत येतं ना, अधिकाऱ्यांनी माहिती दडपली. ते चालेल?"

"चालेल."

"पण मी अधिकारी नाही."

"तेवढा शब्द बदला," बाई म्हणाल्या. "जमेल तुम्हाला."

"घरी चिनीत म्हणून बघितलं. लीवेन, मला असं असं झालं होतं. तोंडातून निघत नाही. तिची आई गेली तेव्हाही मी तिला उशिराच कळवलं होतं."  नदीत एक बोट भोंगा वाजवत गेली. "इंग्रजीत दुसऱ्याच कोणाचं आहे असं वाटतं."

रविवारी त्यांनी फोन लावला. या वेळी बाई फ्रिजच्या आड नव्हत्या. यानरावांनी त्यांना शेजारी खुर्ची दिली होती. पलीकडे विहीणबाई आणि लीवेन दोघी होत्या, विमानाची तारीख ठरवायला बसलेल्या. यानरावांनी हात कोटाच्या शिवणीला लावले.

"झेनजियांग शहरातील एका अडुसष्ट वर्षीय माजी कामगाराच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी नळी बसवण्यात आली. रुग्णास दररोज चार प्रकारची औषधे सुरू असून, जिने चढताना त्यास त्रास होतो. रुग्णाने ही माहिती कुटुंबापासून दडपून ठेवली. याबद्दल रुग्णाने खेद व्यक्त केला आहे."

विहीणबाईंनी कागद-पेन्सिल ओढून औषधांची नावं विचारायला सुरुवात केली. लीवेन पडद्यावरून निघून गेली. दार आपटल्याचा आवाज झेनजियांगपर्यंत आला.

तासाभराने तिचा फोन आला, चिनीत. "तो डोंगर," ती म्हणाली. "मी तो फोटो भिंतीवर लावलाय, बाबा. दोदोला दाखवते, आजोबा एवढे उंच चढले म्हणून." मग ती जे बोलली ते बरंच होतं, आणि तानबाई तोवर उठून जिन्यात गेल्या होत्या. दार लावलेलं असूनही त्यांना ऐकू आलं, की सहा महिने एकट्याने यायचं आता विसरा. शेजारणीने या वेळी भिंतीवर लाटणं आपटलं नाही.

तिकीट निघालं नाही. लीवेनने अर्ध्या दिवसाचं काम धरलं, दुपारी दोदो विहीणबाईंकडे जाऊ लागला. पुढच्या उन्हाळ्यात, लीवेनला सुट्टी होती तेव्हा, यानराव महिनाभर जाऊन आले. घरात सतत दोन-तीन माणसं होती, आणि विहीणबाई रोज सकाळी त्यांच्या दंडाला पट्टा बांधत. सॉसेज विमानतळावर काढून घेतलं. दोदो मांडीवर बसला. झोपलेला नव्हता, उलट त्याने आजोबांचा चष्मा वाकडा केला.

वर्गात ते आता पुढच्या बाकावर बसतात, वेईबाईंच्या शेजारी. तानबाईंनी अलीकडेच त्यांना उभं करून विचारलं, दुकानात खोकल्याचं औषध कसं मागाल. त्यांनी सांगितलं की शहरात खोकल्याच्या औषधाचा तुटवडा असल्याचे वृत्त आहे. बाईंनी खडू खाली ठेवला आणि चष्मा पुसला.

दर रविवारी दुपारी चार वाजता यानराव लीड्सला फोन लावतात आणि विहीणबाईंना आपला रक्तदाब इंग्रजीत सांगतात.